आरोबाचा भाऊ

"भाऊ आहे ना त्यात?"

पुण्याच्या एसटीतून उतरून मी घराच्या दारात पाऊल टाकते आहे, तोच यांनी विचारलं. हातातली पिशवीसुद्धा घेतली नाही. मी म्हटलं, आधी पाणी तरी द्या. पाणी आणलं, माझं पिऊन होईपर्यंत तसेच समोर उभे राहिले. तांब्या खाली ठेवून मी सांगून टाकलं.

"नाही. अडीच तासांत एकदाही नाही. नावसुद्धा नाही."

हे कॉटच्या कडेवर बसले. चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावायचं विसरून गेले.

ही गोष्ट दोन हजार सालची, बार्शीतली. हे प्रभाकर चित्रमंदिराचे मॅनेजर होते आणि मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. आणि ज्या भावाची एवढी चौकशी चालली होती तो कुठल्याशा चंद्रावर शेती करणारा माणूस होता. तो कधी पडद्यावर आलाच नव्हता.

हे जरा नीट सांगायला हवं. आमच्याकडे इंग्रजी चित्रपट वर्षाकाठी दोन-तीनच यायचे. लोक हौसेने येत, मारामारी बघत, पण कोण कुणाला का मारतो आहे ते कळत नसे. म्हणून यांनी एक पद्धत काढली होती. शुक्रवारी सकाळी रिकाम्या थेटरात आम्ही दोघं तो चित्रपट बघायचो. मी शाळेत अर्धी रजा टाकायची, यांच्या शेजारी बसून संवादांचा अर्थ सांगायची आणि हे अंधारातच वहीत खरडायचे. मग प्रत्येक खेळाच्या आधी दहा मिनिटं आणि मध्यंतरानंतर पाच मिनिटं हे पडद्याच्या कडेला माइक घेऊन उभे राहायचे आणि गोष्ट सांगायचे. आवाज चांगला होता. काही लोक तर गोष्ट ऐकून झाली की तिथेच डुलकी काढत आणि तरी तक्रार करत नसत.

एक्याऐंशी साली तो अवकाशातल्या खलाशांचा चित्रपट आला. मूळ नाव इतकं लांब होतं की फलकावर मावेना. यांनी पेंटरकडून 'सातव्या चंद्राचे खलाशी' असं रंगवून घेतलं. त्यात तरुण नायक होता, नायिका होती, दुष्ट राजा होता, सगळं होतं. पण लोकांचा जीव जडला तो यान चालवणाऱ्या म्हाताऱ्यावर. त्याचं नाव ॲरोब असं काहीसं होतं. बार्शीने त्याचा आरोबा केला. हा आरोबा सगळ्यांना चंद्रा-चंद्रावर नेऊन सोडायचा आणि स्वतः मात्र कधीच खाली उतरायचा नाही. एकदा नायक त्याला विचारतो, "तू का येत नाहीस?" तर तो काही बोलत नाही. समोरचा दिवा बारीक करतो, बस.

सकाळी रिकाम्या थेटरात यांनी मला विचारलं होतं, काय म्हणाला? मी म्हटलं, काहीच नाही म्हणाला. यांनी वहीत तेवढी जागा रिकामी सोडली.

त्याच दिवशी सहाच्या खेळाला मी बाल्कनीत बसले होते. मध्यंतर झालं, हे माइकपाशी आले. राजाचं सैन्य कुठवर आलं ते सांगून झालं. मग थांबले. खाली गर्दीकडे बघत बराच वेळ नुसते उभे राहिले. मला वाटलं, विसरले. आणि मग म्हणाले:

"मंडळी, आरोबा खाली का उतरत नाही, ते ऐका. खाली त्याचा थोरला भाऊ आहे. भावाचं शेत आहे, विहीर आहे. एकदा दोघांत बोलाबोली झाली. थोरला म्हणाला, पुन्हा या घरी येऊ नकोस. धाकट्यानं मनात धरलं, दादाची हाक येईल तेव्हाच उतरीन. म्हणून प्रत्येक चंद्रापाशी तो यान थांबवतो, दिवा बारीक करतो आणि कान देतो."

चंद्रावर विहीर कशी, असं सहाशे माणसांतल्या एकानेही विचारलं नाही. माझ्यामागे बसलेल्या बाईने नाक ओढलेलं मला ऐकू आलं.

घरी आल्यावर मी विचारलं, हे कुठून आणलंत? तर म्हणाले, गोष्टीत भोक होतं, बुजवलं. मीही मग लावून धरलं नाही.

पुढचे दोन भाग चौऱ्याऐंशीत आणि सत्त्याऐंशीत आले. प्रत्येक भागात आरोबा दिवा बारीक करायचा आणि प्रत्येक वेळी थेटर चिडीचूप व्हायचं. पडद्यावर कुणी काही बोलत नसताना बार्शीचे लोक श्वास रोखून भावाच्या हाकेची वाट बघायचे. तिसऱ्या भागात आरोबा मरतो. यान एकटंच तरंगत जातं. त्या दिवशी खेळ सुटल्यावर एका पैलवानाने यांना पायऱ्यांवर अडवून विचारलं होतं की हाक आलीच नाही का हो? यांनी त्याला चहा पाजला.

तेरा वर्षं गेली. आणि मग पेपरात बातमी आली की त्या मालिकेचा नवा भाग निघाला आहे, आणि तो पुढचा नाही, आधीचा आहे. आरोबाच्या तरुणपणाचा. तो खाली का उतरत नाही, ते त्यात सांगितलं आहे.

बार्शीला दिवाळी झाल्यासारखं वाटलं. आता भाऊ बघायला मिळणार. आमच्या शिक्षकांच्या खोलीत तो उंच असेल की बुटका यावर वाद झाला. चित्रकलेच्या लीला माने बाईंचं म्हणणं, थोरला दिसायला डावा असणार, त्याशिवाय एवढा राग येत नाही. मी तपासायच्या वह्यांत डोकं घालून बसले. खरं काय ते मला माहीत होतं, आणि मी वीस वर्षं गप्प बसले होते.

नाराज होता एकटा इस्माईलभाई, आमचा ऑपरेटर. तो म्हणाला, "बाई, तीन भागांत पोट भरलं होतं की. आधीचं सांगायचं होतं तर आधी सांगायचं. जेवण झाल्यावर कुणी कोशिंबीर वाढतं का?"

चित्रपट पुण्याला आधी लागला. माझी बहीण तिथे राहते. हे म्हणाले, तू बघून ये. मी गेले. बघून आले. आणि दारातच तो प्रश्न.

मी यांना सगळं सांगितलं. तरुण आरोबा म्हणून एक देखणा मुलगा घेतला होता. त्याच्या यानाला अपघात होतो. छाती चिरडते. एक डॉक्टर त्याच्या छातीत यंत्र बसवतो आणि ते यंत्र फक्त यानातल्या हवेवरच चालतं. भिंतीवर आकृत्या काढून तो डॉक्टर दहा मिनिटं हे समजावतो. झालं. म्हणून आरोबा उतरत नाही.

"यंत्र," हे म्हणाले.

"यंत्र."

"आणि दिवा का बारीक करतो?"

"यंत्राला उजेडाचा त्रास होतो."

हे इतके हताश झाले की मला हसू आलं. मी हसले आणि यांच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. हे म्हणाले की चित्रपट इथे लावायचा नाही, थेटरच्या मालकांना, शेठजींना सांगतो. मी म्हटलं, शेठजींनी तारीख ठरवली आहे, फलक रंगवून झाला आहे. आता पडद्यावर हिंदीत बोलतात सगळे, लोकांना कुणी समजावून सांगायची गरजही नाही.

"मग तर नकोच," हे म्हणाले. "तू सांग, काय गरज होती? तो का उतरत नाही हे कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून प्रत्येकजण आपापलं काहीतरी धरून बसला होता. या चित्रपटवाल्यांनी येऊन छातीत यंत्र बसवलं."

मी समजूत घालायला गेले. म्हटलं, फार तर लोक हसतील. दोन दिवस थट्टा करतील, काकडे साहेबांनी चांगलंच बनवलं म्हणतील. मग विसरतील.

"लोकांचं नाही गं," हे म्हणाले. "दादा येईल."

आता मला दुसरं काही सांगायला हवं. यांना खरोखरच थोरले भाऊ होते, भगवानराव. बार्शीपासून तीन कोसांवर जांभळगावला राहायचे. आईवडिलांमागे त्यांनीच यांना शिकवलं होतं, आणि गावातलीच एक मुलगी यांच्यासाठी बघून ठेवली होती. यांनी माझ्याशी लग्न केलं. मी शिंप्याच्या घरातली, त्यात नोकरी करणारी. शहात्तर सालापासून त्या घराशी जाणं-येणं नव्हतं. त्या दिवशी दोघांत काय बोलणं झालं ते यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. आरोबाची गोष्ट ऐकताना बाल्कनीत ते मला कळलं होतं. न कळायला मी काही दगड नव्हते. पण मला वाटायचं, माणूस आपल्या मनातलं ओझं असं कुठेतरी उतरवतो. उतरवू दे.

मला जे ठाऊक नव्हतं, ते यांनी त्या दुपारी सांगितलं.

पहिल्या भागाला, मध्यंतरात हे माइकपाशी उभे राहिले तेव्हा डाव्या हाताला खांबाजवळ दादा बसलेले दिसले. पाच वर्षांनी. गावातल्या दोघा-तिघांबरोबर बाजाराला आलेले असणार. हे बोलायचं विसरले, ते म्हणूनच. वहीत तेवढी जागा रिकामी होती आणि दादा समोर होते. खाली उतरून जायचं धाडस होईना. हातात माइक होता. जे सांगायचं ते माइकवर सांगून टाकलं.

"उठून गेले नाहीत ते?" मी विचारलं.

"नाही. शेवटपर्यंत बसला. मी बाहेर येईपर्यंत मात्र गेला होता. आणि पुढच्या भागाला पुन्हा आला. तिसऱ्यालाही. त्याच जागी." हे थांबले. "चित्रपट बघणारा माणूस नाही तो. आयुष्यात तेवढे तीनच बघितले असतील."

सहा वर्षांत तीनदा हे भावाशी बोलले होते, सहाशे माणसांच्या देखत, आणि कुणाला पत्ता नव्हता. तिसऱ्या भागानंतर बोलायला काही उरलंच नाही, कारण आरोबा मेला.

"आता हा आधीचा भाग आला म्हटल्यावर तो येणार. त्यात भाऊ नाही. त्याला काय वाटेल? हा इतकी वर्षं नुसती थाप मारत होता."

"मग आधीच जाऊन सांगा त्यांना. तीन कोस तर आहे."

"असं कसं जाऊ? त्यानं हाक मारल्याशिवाय?"

हे इतक्या साधेपणाने बोलले, की मला एकदम राग आला. चोवीस वर्षांचा आला असेल.

"ते आरोबाला शोभतं," मी म्हटलं. "त्याच्या छातीत यंत्र आहे. तुम्हाला काय झालंय?"

हे उठून गॅलरीत गेले आणि वाळलेले कपडे काढून घड्या घालत बसले. माझ्या साडीची घडीसुद्धा नीट घातली. पुढचे चार दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. जांभळगावला हे गेले नाहीत.

शुक्रवारी बाराच्या पहिल्या खेळाला थेटर भरलं. मी शाळेतून पूर्ण रजा घेतली होती. माने बाई मुलांना घेऊन आल्या होत्या, तो पैलवान आला होता, आता टक्कल पडलेला. मी खाली दाराशी उभी राहून खांबाकडे बघत होते. तिथे एक फेटेवाला माणूस येऊन बसला. मी भगवानरावांना कधीच पाहिलेलं नव्हतं. पण तो माणूस बसताना आधी खुर्चीवर हात फिरवून मग बसला, आणि हे घरात रोज असंच बसतात.

माइकची आता गरज नव्हती. तरी हे पडद्याच्या कडेला आले. इस्माईलभाईने वरून दिवे चालूच ठेवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण आरोबाच्या खेळाला हे तेरा वर्षांनी तिथे उभे होते. यांनी टाळ्या थांबू दिल्या.

"मंडळी, चित्रपट हिंदीत आहे, मी काही सांगायला आलो नाही. एकच आहे. यात तुम्ही आरोबाचा भाऊ शोधाल. शोधू नका. तो यात नाही. आधीच्या तिन्हींतही नव्हता. तो मी घातला होता."

मी माने बाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मग मागून कुणीतरी म्हणालं, का हो साहेब? रागाने नाही, नुसतं विचारलं. यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पन्नाशी उलटलेला माणूस, एवढा बोलका, त्याला एक वाक्य सापडेना. माइक जागेवर ठेवून हे बाजूच्या दाराने ऑफिसात निघून गेले. इस्माईलभाईने दिवे घालवले.

मी यांच्यामागे गेले नाही. मला खांबाकडे बघायचं होतं. पडद्यावर काय चाललं होतं ते मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. तो डॉक्टर आकृत्या काढायला लागला तशी खुर्च्यांची कुरकुर सुरू झाली. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, एवढंच होय? फेटा मात्र हलला नाही.

मध्यंतर झालं. लोक उठले, चहाला गेले. फेटेवाले गृहस्थ सगळे जाईपर्यंत बसून राहिले, मग उठले आणि माझ्या शेजारून बाहेर आले. ऑफिसचं दार उघडंच होतं. मी दोन पावलं मागे होते.

हे टेबलामागे तिकिटांच्या पुस्तकांना रबर लावत बसले होते. वर बघितलं आणि उभे राहिले. खुर्ची मागे पडली.

भगवानरावांनी आत येऊन ती पडलेली खुर्ची आधी सरळ केली. मग म्हणाले:

"त्यांनी भावाला घेतलं नाही, ते त्यांचं त्यांच्यापाशी. तू त्याला गोष्टीतून कशाला काढतोस?"

हे भिंतीशी ठेवलेल्या स्टुलावर टेकले. भगवानराव त्याच खुर्चीवर हात फिरवून बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला. केस पूर्ण पांढरे. म्हातारपणी हे कसे दिसतील ते मला त्या दिवशी समोर दिसलं. बाहेर चहावाल्याचा आरडाओरडा चालला होता. मग भगवानराव जरा घसा साफ करून म्हणाले, या वर्षी विहिरीला पाणी बरं आहे. हे म्हणाले, हो का. एवढंच. पण 'हो का' म्हणताना यांचा आवाज अगदी लहान मुलासारखा झाला होता.

मी दारातच होते. आत जावं की नाही ते कळेना. त्या घराच्या दृष्टीने मी चोवीस वर्षं कुणीच नव्हते. अर्ध्या बार्शीच्या मुली माझ्या हाताखालून गेल्या, पण या एका माणसासमोर मी उंबऱ्याबाहेरच राहिले.

त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, पदरापासून चपलांपर्यंत, शेतकरी एखादं रोप बघतो तसं. मग यांना न विचारता मलाच विचारलं:

"नाव काय तुझं? घरात कधी कुणी घेतलं नाही, मला ठाऊकच नाही."

"सुधामती," मी सांगितलं.

"सुधामती." त्यांनी एकदा म्हणून बघितलं. मग टेबलावर कडेला, फाइलींच्या मागे, मी सकाळी यांच्यासाठी आणून ठेवलेला डबा होता, त्याकडे बोट केलं. "त्यात काय आहे?"

"भाकरी आहे. शेपूची भाजी. थोडं पिठलं."

"हा शेपू खायला लागला?"

"नाही," मी म्हटलं. "भाजी बाजूला सारतात आणि पिठलं खातात."

भगवानरावांनी फेटा उचलून खिडकीत ठेवला, टेबलावरची तिकिटांची पुस्तकं एका हाताने बाजूला सरकवली आणि म्हणाले, "मग वाढ. भाजी मला घाल."

वर इस्माईलभाईने मध्यंतर संपल्याची घंटा दिली. लोक आत गेले, दारं बंद झाली. मी डबा उघडला. तीन माणसांना ताट एकच होतं, म्हणून मी भाकरी हातावरच दिली.